वयस्कर माणसांना घेऊन गावी कायमचं राहायला जाताना काय काय पाहावं?

पिंपळपार
नमस्कार मंडळी. सव्वीस वर्षं शहरात काढून आम्ही दोघं आता सासऱ्यांच्या गावी राहायला जातोय, त्यांना आणि सासूबाईंना घेऊन. सासरे ७८ वर्षांचे, त्यांना मधुमेह आहे. सासूबाई ७१, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आणि गुडघे दुखरे. दोघांचाही हट्ट एकच, आता गावी चला. घर आहे, दुरुस्तीही झाली.

गावाची वस्ती साडेचार हजारांच्या आसपास, तालुका २२ किलोमीटरवर. कुणाला विचारलं की "आपल्या गावात सगळं आहे" असं उत्तर येतं. खरंच, पाटी प्रत्येक गोष्टीची आहे. उपकेंद्र, पोस्ट, वाचनालय, पाण्याची टाकी, एसटीचा थांबा. पण गेल्या दिवाळीत चार दिवस राहिले तेव्हा उपकेंद्राला दोन दिवस कुलूप होतं आणि दुपारची एसटी आलीच नाही. थांब्यावर एक आजी दोन तास बसून राहिल्या आणि शेवटी पिशवी उचलून परत गेल्या. ते चित्र डोळ्यांपुढून जात नाही.

ज्यांना गाडी चालवता येत नाही आणि मोबाईल नीट वापरता येत नाही, अशा दोन माणसांच्या दृष्टीने गावातल्या सोयी तपासायच्या, तर कुठून सुरुवात करू?

नमुना_आठ
ताई, प्रश्न नेमका विचारलात. मी एकतीस वर्षं ग्रामसेवक म्हणून काम केलं, चार तालुक्यांत. (आता या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात आणि तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी. गावात मात्र अजून भाऊसाहेब आणि तलाठीच.)

पहिलं काम, ग्रामपंचायतीत जाऊन लोकसेवा हक्काचा फलक आहे का ते बघा. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने कोणती सेवा किती दिवसांत, कोण देणार आणि न दिल्यास अपील कुणाकडे, हे भिंतीवर लावणं बंधनकारक केलंय. जन्माची नोंद, मृत्यूची नोंद, विवाह नोंदणी, नमुना ८ चा (घरपट्टीच्या नोंदवहीचा) उतारा, येणे बाकी नसल्याचा दाखला, निराधार असल्याचा दाखला, दारिद्र्यरेखेखालचा दाखला. हे तुमच्या गावातच मिळालं पाहिजे. रहिवासाचा दाखला मागायला जाऊ नका, त्याच्या जागी आता स्वयंघोषणापत्र चालतं. घर सासऱ्यांच्या नावावर आहे ना? नमुना ८ काढून नाव, क्षेत्र आणि घरपट्टीची बाकी तपासून घ्या. पुढच्या पन्नास कामांना तो कागद लागतो.

फलक नसेल तर भांडू नका, पण लेखी मागा. तोंडी मागितलेली गोष्ट दप्तरात नसते.

पिंपळपार
घर सासऱ्यांच्या नावावरच आहे. उतारा काढते. काका, पाण्याचं काय पाहू? टाकी आहे, नळही आहे, पण पावसाळ्यात गावी आल्या की सासूबाईंना दर वेळी पोटाचा त्रास होतो असं जाऊबाई म्हणाल्या.

नमुना_आठ
पाण्याबद्दल सविस्तरच लिहितो, कारण पावसाळ्यात गावातला निम्मा आजार तिथून येतो.

टाकीवर धुतल्याची तारीख रंगवलेली असते, ती पाहा. मग जलसुरक्षक कोण आहे ते विचारा. रोज पाण्यात टीसीएल पावडर (जंतू मारणारी ब्लीचिंग पावडर) टाकणं आणि ओटी टेस्ट घेणं हे त्याचं काम. ओटी टेस्ट अगदी साधी. नळाचं पाणी काचनळीत घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, पिवळसर रंग आला तर पाण्यात क्लोरिन आहे. रंगच आला नाही तर पाणी शुद्ध न करताच सोडलंय किंवा क्लोरिन वाटेतच संपलंय. ही टेस्ट टाकीपाशी घेऊन उपयोग नाही. गावाच्या टोकाच्या, सगळ्यात शेवटच्या घरच्या नळावर घ्यायला सांगा. तिथे लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरलेलं असलं पाहिजे. मधली पाइपलाइन गटारातून गेलेली असेल आणि कुठे फुटलेली असेल, तर ते इथेच उघडं पडतं.

पावडर कुठे ठेवतात तेही बघा. ओलसर खोलीत, तोंड उघड्या पोत्यात ठेवलेली पावडर चुन्यासारखी होते. टाकणारा रोज इमानाने टाकतो आणि पाणी मात्र तसंच राहतं. मी स्वतः एका गावात हे पाहिलंय. माणूस कामचुकार नव्हता, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

आणखी एक. ग्रामपंचायतींना पाण्याच्या जोखमीनुसार कार्ड देतात, लाल, पिवळं, हिरवं. तुमच्या गावाचं कोणतं आहे हे विचारलं तर सांगावं लागतं.

माळावरची_आशा
नमुना काकांना दुजोरा. मी गावातली आशा स्वयंसेविका आहे, चौदा वर्षं झाली. एका आशाकडे साधारण हजार लोकसंख्या असते, म्हणजे तुमच्या गावात चार-पाच जणी असतील. तुमच्या आळीची कोण आहे हे राहायला जायच्या आधीच शोधून ठेवा आणि तिचा नंबर सासूबाईंच्या उशाशी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून लावा. मोबाईलमधला नंबर घाबरलेल्या माणसाला सापडत नाही.

कुलूप पाहून तुम्हाला वाईट वाटलं ते बरोबर आहे, पण एक समजून घ्या. सपाट भागात ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र, डोंगराळ आणि आदिवासी भागात ३,००० ला. त्यावरचं प्राथमिक आरोग्य केंद्र (पीएचसी) ३०,००० ला, डोंगरात २०,००० ला. म्हणजे तुमच्या गावात डॉक्टर नसणार, ते पीएचसीत. उपकेंद्रात सिस्टर, आरोग्य सेवक आणि आता बहुतेक ठिकाणी समुदाय आरोग्य अधिकारी असतात, त्यांना आम्ही सीएचओ म्हणतो. लसीकरणाच्या दिवशी, वाड्यावस्त्यांवर भेटीला, तालुक्याच्या मीटिंगला ही माणसं बाहेर असतात आणि कुलूप लागतं. वर्षानुवर्षं पद रिकामं असलं तरी कुलूप लागतं. दोन्ही कुलपं बाहेरून सारखीच दिसतात. म्हणून "बंद का?" असं न विचारता "पद भरलेलं आहे का, मुख्यालयी राहतात का, फिरतीचा वार कोणता?" असं विचारा.

तीस वर्षांवरच्या सगळ्यांची शुगर-बीपी तपासणी आम्ही करतो. गोळ्या मोफत मिळतात, पण महिन्याच्या महिन्याला नोंद हवी. सासऱ्यांचं नाव नोंदवून घ्या म्हणजे त्यांच्या गोळ्या मागणीत धरल्या जातात. नोंद नसलेल्या माणसासाठी गोळ्या येत नाहीत, आणि मग लोक म्हणतात औषधं संपलेलीच असतात.

तिरपा_पाऊस
हे सगळं वाचून बरं वाटतं, पण माझा अनुभव सांगतो. आजोबांना पहाटे छातीत दुखायला लागलं. आरोग्य केंद्राच्या आवारात रुग्णवाहिका उभी होती, चालक नव्हता. आम्ही शेजाऱ्याच्या टेम्पोत घालून नेलं. पोचेपर्यंत गेले. त्या गाडीवर सगळं काही लिहिलं होतं.

मी तेव्हाच ठरवलं, परत जायचं नाही. पिंपळपार, तुम्हाला घाबरवायचं नाहीये. पण ज्यांच्या घरी ७८ वर्षांचं माणूस आहे त्यांनी हे धरूनच चालावं.

माळावरची_आशा
दादा, वाचून गलबलून आलं. याचं समर्थन मी करणार नाही. गाडी असणं आणि गाडी चालणं यात एक माणूस कमी पडला की जीव जातो, हे मीही पाहिलंय.

पिंपळपार ताई, यासाठीच विचारा, पीएचसीच्या गाडीला चालक किती आणि रात्रपाळीला कोण? १०८ ची सर्वांत जवळची गाडी कुठे उभी असते? १०८ सेवा राज्यात २०१४ पासून आहे आणि तिच्यात डॉक्टर असतो. १०२ ही मुख्यतः गरोदर बाई आणि बाळासाठी. १०८ ला फोन लागला की घर नंबर सांगण्यापेक्षा खूण सांगावी, "मारुतीच्या देवळावरून डावीकडे, पाण्याच्या टाकीखाली". रात्री एक माणूस बॅटरी घेऊन फाट्यावर उभा करावा. फाट्यावर चुकलेली गाडी मी तीनदा पाहिलीये.

आणि छातीत दुखत असेल तर फोन लावतानाच टेम्पोची तयारीही ठेवा. दोन्ही करा. एकाची वाट बघत बसू नका.

टपालपेटी
मी शाखा डाकपाल आहे, खेड्यातल्या छोट्या पोस्टात. आमचं पोस्ट दिवसाला चार-पाच तासच उघडं असतं, त्यामुळे लोकांना वाटतं बंदच असतं. वेळ विचारून ठेवा.

सासरे पेन्शनर आहेत का? असतील तर हयातीच्या दाखल्यासाठी त्यांना तालुक्याला नेऊ नका. पोस्टमन घरी येऊन डिजिटल हयातीचा दाखला करून देतो. २०१८ मध्ये सुरू झालेल्या इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमुळे आधारशी जोडलेल्या कोणत्याही बँकेच्या खात्यातले पैसेही घरी मिळतात. बँक २२ किलोमीटरवर असली तरी काम भागतं.

अडचण येते ती बोटांची. आयुष्यभर शेतात राबलेल्या माणसांच्या बोटांच्या रेषा झिजून गेलेल्या असतात, यंत्र ठसा घेत नाही. एक आजोबा माझ्यापुढे हात पुसून पुसून यंत्रावर ठेवत होते, सहा वेळा. मला त्यांच्याकडे बघवेना. त्यावर उपाय आहे. सकाळी कोमट पाण्याने बोटं धुऊन थोडं तेल लावून कोरडी करायची, दुसरी बोटं वापरून बघायची. हयातीच्या दाखल्याला आता चेहऱ्यावरून ओळखही चालते. आधारमधले ठसे अद्ययावत करून घेणं हे शहर सोडायच्या आधीच उरका, तिथे केंद्रं जवळ असतात.

पिंपळपार
तिरपा_पाऊस, मनापासून वाईट वाटलं. तुम्ही लिहिलंत म्हणून रात्रपाळीच्या चालकाचा प्रश्न माझ्या वहीत पहिला आला.

टपालपेटी, सासरे शिक्षक होते, पेन्शन आहे. आधारचं काम या आठवड्यातच करते. एसटीबद्दल कुणी सांगेल का?

शेवटचा_थांबा
मी सांगतो. वाहक होतो, निवृत्त झालो. १ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर पहिली गाडी सुटली तेव्हापासून एसटी खेड्याची झाली ती या फेऱ्यांमुळे, आणि आज जातायत त्याही याच फेऱ्या.

सासऱ्यांना ७५ वर्षांवर म्हणून प्रवास मोफत. सासूबाईंना अर्धं तिकीट, महिला म्हणूनही आणि ६५ वर्षांवर म्हणूनही. मोफत असलं तरी तिकीट घ्यायचंच. पुष्कळ ज्येष्ठ म्हणतात, "राहू दे, फुकटच आहे, कशाला कागद?" हे तिकीट शून्य रुपयांचं असलं तरी त्याची नोंद होते, सवलतीची रक्कम सरकार महामंडळाला देतं आणि गाडीत किती माणसं होती ते दिसतं. तिकीट नाही म्हणजे आगाराच्या कागदावर तुम्ही गाडीत नव्हताच. मग भारमान, म्हणजे गाडी किती भरली तो आकडा, कमी दिसतं आणि वर्षभराने फेरी बंद होते. तुमची दुपारची गाडी कदाचित अशीच डळमळीत झाली असेल.

तुमच्या गावाला मुक्कामी गाडी आहे का? हे नक्की विचारा. रात्री आठ-नऊला गावात येऊन मुक्काम करते आणि पहाटे सहाला तालुक्याला निघते, ती. गावाच्या दृष्टीने तिच्याइतकी मोठी सोय नाही. कॉलेजची पोरं, दुधाच्या किटल्या, रुग्णालयात नंबर लावायचा असलेली म्हातारी माणसं, सगळी त्या एका गाडीने जातात. कित्येक गावांत ती का बंद झाली माहितीये? चालक-वाहकाला झोपायला जागा नाही. मी डिसेंबरात उघड्या मंदिरात झोपलोय, सकाळी शौचालयासाठी बाटली घेऊन ओढ्याला गेलोय. एका गावाने मात्र ग्रामपंचायतीची खोली, दोन खाटा, पंखा आणि पाण्याची बादली दिली होती. त्या गावाची मुक्कामी गाडी मी असेपर्यंत एकदाही चुकली नाही. वरून हुकूम होता म्हणून नव्हे, आम्हीच मागून ती ड्युटी घ्यायचो.

तिरपा_पाऊस
शेवटचा_थांबा, तुमच्याबद्दल आदर आहे, पण एक मुद्दा खटकतो. "वापरा नाहीतर जाईल" हे ओझं गावकऱ्यावरच का? शाळेत पटसंख्या कमी म्हणून शाळा धोक्यात, भारमान कमी म्हणून फेरी बंद, सभासद कमी म्हणून वाचनालयाचा वर्ग खाली. आधी सेवा वाईट होते, मग ज्याला परवडतं तो बाहेर पडतो, मग आकडा दाखवून सेवा काढून घेतात. माझ्या बहिणीने तिचं लेकरू फक्त पट टिकवायला गावच्या शाळेत ठेवायचं का? शिक्षण हक्क कायद्याने एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा हा मुलाचा हक्क आहे. हक्काला गर्दीची अट नसावी.

नमुना_आठ
तुमचं म्हणणं खरं आहे. लेकरू पणाला लावायला मीही कुणाला सांगणार नाही.

फक्त जिथे गावाच्या हातात पैसा आणि अधिकार आहे, तिथेही गाव हजर नसतं, हे माझं दुखणं आहे. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी तेवढी माणसं हवीत. साडेचार हजारांच्या गावात शंभर जमत नाहीत. सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग जे पंधरा-वीस जण बसतात ते सगळ्या गावाचं ठरवतात. एकतीस वर्षांत मी अशी किती प्रोसिडिंगं (सभेची इतिवृत्तं) लिहिली असतील! लिहिताना हात जड व्हायचा.

पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला ६० टक्के भाग २०२१-२२ पासून पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर आणि ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. कुणी विचारलं नाही तर ते मार्चअखेरीला कसेबसे संपवले जातात. ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर गावाचं नाव निवडून कोणत्या कामाला किती पैसे गेले ते शहरात बसूनही पाहता येतं. पिंपळपार ताई, आजच बघा. मुक्कामी गाडीच्या खोलीचा खर्च यापुढे फार किरकोळ आहे.

पानोपानी
उशिरा लिहितेय. मी एका गावच्या 'क' वर्ग वाचनालयात ग्रंथपाल आहे. राज्याचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. त्याखाली अकरा हजारांहून अधिक ग्रंथालयांना मान्यता आहे, अ, ब, क, ड अशा वर्गांत. त्यातली बहुतेक खेड्यापाड्यांतच.

तिरपा_पाऊस, सभासद कमी होण्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते आमच्या रोजच्या जगण्यातलं आहे. पण आमच्याकडे कोण येतं ते सांगते. सकाळी आठला चार म्हातारे येतात, वर्तमानपत्र वाटून घेतात, एकेक पान. त्यातल्या एकाला दिसत नाही, बाकीचे त्याला वाचून दाखवतात. दुपारी पोलीस भरती आणि तलाठी परीक्षेची मुलं अभ्यासाला, कारण घरी एका खोलीत सात माणसं. संध्याकाळी दोन मुली येतात. त्यांना घरून फक्त वाचनालयातच जायची परवानगी आहे. या मुलींसाठी तरी दार उघडं राहिलं पाहिजे, असं मला रोज वाटतं.

पिंपळपार, तुमचे सासरे शिक्षक होते म्हणालात. त्यांना पहिल्या आठवड्यातच वाचनालयात नेऊन बसवा. गुडघ्यांमुळे सासूबाईंना जमणार नसेल तर घरपोच मासिकं द्यायला सांगा. आम्ही देतो, तेही देतील. नव्याने आलेल्या वयस्कर माणसाला औषधाइतकीच चार माणसांची ओळख लागते. पाचगणीजवळच्या भिलारला २०१७ पासून लोकांच्या घराघरांत पुस्तकं ठेवली आहेत. तिथे सरकारने पुढाकार घेतला. आपल्याकडे निदान एका पारावर तरी ठेवता येतील.

गोठा
एक छोटी भर. जनावरं पाळणार असाल तर फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ लक्षात ठेवा. आणि उन्हाळ्यात अंगणात झोपायची सवय असेल तर सर्पदंशावरचं प्रतिविष जवळच्या कोणत्या केंद्रात असतं ते आधीच विचारा. नुसतं "असतं" ऐकून परत येऊ नका, आज फ्रिजमध्ये किती कुप्या आहेत ते विचारा. आमच्या वस्तीवर हा प्रश्न विचारल्यावरच साठा आला.

पिंपळपार
मंडळी, तीन आठवड्यांनी परत आलेय. मध्ये आठ दिवस गावी जाऊन आले, तुमचे प्रश्न वहीत लिहून.

उपकेंद्रात सीएचओ आहेत, पद भरलेलं आहे. फिरतीचे वार मंगळवार आणि शुक्रवार, दिवाळीत आम्ही नेमके त्याच वारी गेलो होतो. सासऱ्यांचं नाव नोंदवलं. पीएचसीच्या गाडीला मात्र एकच चालक आहे, रात्री कुणीच नाही. तिरपा_पाऊस, हे ऐकून मी तुमचीच आठवण काढली. दोन गाड्यावाल्यांशी बोलून रात्रीसाठी नंबर घेऊन ठेवलेत आणि चालकाच्या पदासाठी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी दिलंय.

ओटी टेस्ट शेवटच्या घरी घ्यायला लावली. रंग आला नाही. टाकीपाशी आला होता. जलसुरक्षक स्वतःच चकित झाला, बिचारा दुसऱ्या दिवशी पाइपलाइनवरून चालत गेला आणि शाळेमागे गटारात फुटलेला जोड सापडला. दुरुस्ती झाली. सासूबाईंचा पोटाचा त्रास त्यानेच होता का ते पावसाळ्यात कळेल.

मुक्कामी गाडी चार वर्षांपूर्वी बंद झालीये. कारण तेच, जागा नाही. जुन्या तलाठी सज्जाची एक खोली रिकामी आहे. मासिक सभेत ठराव घ्यायला सरपंचबाई तयार आहेत. कॉलेजच्या ३८ मुलामुलींची पासची यादी जोडली. अर्जावर पहिली सही सासऱ्यांनी केली, शाळेच्या हजेरीपटावर करायचे तशी, पूर्ण नावाची. सोमवारी आगारात देणार आहे.

शेवटचा_थांबा
आगार व्यवस्थापकांच्या नावाने द्या, एक प्रत विभाग नियंत्रकांना. खोलीचा, खाटांचा आणि शौचालयाचा फोटो जोडा, त्याने फार फरक पडतो. पोच घेतल्याशिवाय निघू नका.

पिंपळपार
दिला आज. फोटो जोडले. पोच घेतली, आवक क्रमांकासह. साहेब म्हणाले, खोली बघायला बुधवारी माणूस पाठवतो. नवऱ्याने खोलीला चुना मारायला घेतलाय.